नाथसागराची ओहोटी: दिवाळीनंतर पक्षी पाहायला कधी, कुठे आणि कसं जावं

जालन्याहून एकांनी विचारलंय. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: "ताई, मागच्या नोव्हेंबरात कोकणात खाडीवर गेलो होतो. ओहोटी लागली आणि चिखलावर शेकड्यांनी छोटे पक्षी उतरले. तेव्हापासून वेड लागलंय. पण दर वेळी कोकण गाठणं परवडत नाही. आपल्याकडे समुद्र नसला तरी नाथसागर आहे, म्हणून यंदा दिवाळीनंतर दोनदा पैठणकडे जाऊन आलो. धरण काठोकाठ होतं आणि दिसले ते लांबवर काळे ठिपके. दुर्बीण १० ते ३० झूमची आहे. चूक जागेची, वेळेची की दुर्बिणीची? आणि नऊ वर्षांच्या मुलीला सोबत न्यावं का?"

चूक तिन्हींची आहे, पण सारखी नाही. रुपयातले चार आणे दुर्बिणीचे, चार आणे उजेडाचे, आणि उरलेले आठ आणे पाण्याचे. तुम्हीच लिहिलंय, धरण काठोकाठ होतं. जायकवाडी, म्हणजे नाथसागराचं धरण, भरलं की आपल्याकडे पेढे वाटतात, आणि वाटावेतच. पण चिखलात चोच घालून जगणाऱ्या पक्ष्याला भरलेलं धरण म्हणजे न उतरणारी भरती.

खाडीवर तुम्ही जे पाहिलंत ती उतरत्या पाण्याची करामत होती. तिथे पाणी सहा-सहा तासांनी चढतं-उतरतं, आणि उतरलं की अळ्या, कृमी, शिंपल्यांनी भरलेला चिखल ताटासारखा पुढे येतो. ओहोटी नाथसागरालाही आहे. फक्त ती वर्षातून एकदाच येते आणि दिवाळीपासून मृगापर्यंत चालते. खाडीवरचा माणूस तिथी बघून घराबाहेर पडतो. आपण पेपरातला धरणाचा टक्का बघून पडायचं. मी गंगापूरला शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, या काठानं हिंडते आहे. माझ्या वहीत तारखेशेजारी पहिला आकडा असतो तो धरणाच्या टक्क्याचा. पक्ष्यांचे आकडे त्याच्याखाली.

भूगोलाच्या बाईंचं हिशेबाशिवाय भागत नाही, तेव्हा हा हिशेब एकदा करूनच बघा. जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त २,१७१. पेपरात छापतात तो टक्का या उपयुक्त साठ्याचा. म्हणजे एक टक्का साधारण २१.७ दशलक्ष घनमीटर. भरलेल्या धरणाचं पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. भागाकार केला की कळतं, भरलेल्या धरणातलं एक टक्का पाणी गेलं तर पातळी जेमतेम सहा सेंटीमीटर उतरते. तीन-चार बोटं. पण आपला काठ कोकणातल्या कातळासारखा उभा नाही. एकूण साठ्याला पसाऱ्यानं भागलं तर सरासरी खोली येते आठ-सव्वाआठ मीटर, इतकं हे परातीसारखं पसरट धरण. जिथे दोनशे मीटरला एक मीटर असा मंद उतार आहे, तिथे सहा सेंटीमीटर पाणी उतरलं की बारा मीटर रुंदीची ओली पट्टी उघडी पडते. आठ टक्के उतरलं की जवळजवळ शंभर मीटर. तुम्ही गेलात तेव्हा ही पट्टीच पाण्याखाली होती. काठ म्हणून तुम्हाला दिसला असेल तो बेशरमाच्या झुडपांत आणि वेड्या बाभळीत घुसलेला, नाहीतर कुणाच्या उसाच्या फडाला टेकलेला. तिथे टिलव्यानं, चिखलात टोचत फिरणाऱ्या त्या छोट्या पक्ष्यानं, उतरायचं कुठे?

पाणी कधी उतरायला लागेल याची खूण सोपी आहे: रब्बीचं आवर्तन. कालवे सुटल्याची बातमी आली की दिवस मोजायला लागा. डावा कालवा २०८ किलोमीटर, थेट परभणीकडे जातो. उजवा १३२ किलोमीटर, बीडच्या अंगाला. दोन्ही चालू झाले की पाणी दिसेल असं मागे सरकतं. पहिल्या आवर्तनानंतर आठ-पंधरा दिवसांनी गेलात तर काठावर ताजा, अजून न तडकलेला गाळ मिळतो. हाच गाळ पक्ष्यांचा. तडकला की त्यांच्या दृष्टीनं शिळा, आणि मग तो गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याचा. पुढे पाण्याची रेघ सरकते, मागे हरभरा येतो. पक्षी रेघेबरोबर चालत राहतात. म्हणून "नाथसागरावर पक्षी कुठे दिसतात" या प्रश्नाला गावाचं नाव सांगून भागत नाही. सोनेवाडी, ब्रह्मगव्हाण ही नावं सगळेच घेतात आणि ती चुकीची नाहीत, पण मागच्या जानेवारीत जिथे हजार पक्षी होते तिथे या नोव्हेंबरात कमरेइतकं पाणी असू शकतं.

ठोकताळा सांगायचा तर शेपटाकडून सुरुवात करा. धरणाची भिंत पैठणला, पूर्वेच्या टोकाला. फुगवटा तिथून पश्चिमेला वर कायगाव टोक्यापर्यंत जातो, जिथे प्रवरा गोदावरीला मिळते. शेपटाकडची जमीन उंच, म्हणून पाणी उतरताना ती आधी उघडी पडते. नोव्हेंबरात शेपूट आणि जिथे जिथे ओढे फुगवट्याला मिळतात ते फाटे बघा. डिसेंबर-जानेवारीत मधला पट्टा. उन्हाळ्यात पैठणच्या जवळ सरका. कायगावच्या रस्त्याला नोव्हेंबरात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग असते, सहाच्या आत पूल ओलांडला तर बरं.

आता ठिपके काळे का दिसले ते. तुम्ही बहुधा संभाजीनगर-पैठण रस्त्याच्या बाजूनं, म्हणजे उत्तर काठावरून पाहिलंत. उत्तर काठावर पाणी दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो, दक्षिणेकडून कलत जातो आणि नैर्ऋत्येला मावळतो. म्हणजे दिवसभर सूर्य तुमच्या तोंडावर आणि पक्षी त्याच्या पुढ्यात. अशा उजेडात राजहंसही काळाच दिसतो. उपाय म्हणजे पूर्व-पश्चिम काठ असलेला फाटा शोधायचा. सकाळी त्याच्या पूर्व काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघायचं, संध्याकाळी उलट. नकाशावर उपग्रहाचं चित्र लावून घरबसल्या असे फाटे हेरता येतात. मात्र ते चित्र कोणत्या महिन्याचं आहे ते बघून घ्या, नाहीतर उन्हाळ्यातला कोरडा रस्ता समजून गाडी पाण्यात घालाल. नोव्हेंबरच्या शेवटी आपल्याकडे पावणेसातच्या आसपास उजाडतं. त्याआधी जागेवर बसलेलं असावं. साडेनऊ-दहानंतर ओल्या गाळावरची हवा लवलवायला लागते आणि चांगल्या भिंगातूनही टिलवा पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. तेव्हा डबा उघडा.

हे सगळं शहाणपण मी ठेचा खाऊन शिकले. एका थंडीत, सूर्य समोर ठेवून, पाण्यावर ओळीनं बसलेले त्रेपन्न कुरव मी मोजून लिहिले. समुद्रावरचे पांढरे कुरव आपल्याकडे थोडेच येतात, म्हणून भलतीच खूश होते. तासाभरात एक भोई दादा थर्माकोलच्या तराफ्यावरून आले आणि माझे कुरव एकेक करून ओढून घ्यायला लागले. जाळ्याचे थर्माकोलचे तुकडे होते ते. वहीतलं पान मी फाडलं नाही, तसंच ठेवलंय.

दुर्बिणीबद्दल थोडंच सांगते. झूमची दुर्बीण विकू नका, गिऱ्हाईक मिळणार नाही. ती नेहमी १० वरच ठेवा. ३० वर नेली की दृश्य अंधारतं, चाळणीच्या भोकाएवढं होतं आणि हाताचा कंप तीसपट दिसतो. पुढे घ्याल तेव्हा ८×४२ घ्या. आठपट पुरते. लांबचं बघायला टेलिस्कोप लागतो आणि तो तिवईवर लागतो. पहिली दोन वर्षं त्याचा विचारही करू नका. मोटारसायकलच्या सीटवर अर्धी भरलेली गव्हाची पिशवी ठेवून त्यावर दुर्बीण टेकवली तर निम्मा फरक तिथेच पडतो.

नोव्हेंबरातल्या बदकांबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नवा माणूस इथे हमखास निराश होतो. पुस्तकात तलवार बदकाचा नर चॉकलेटी डोक्याचा, पांढऱ्या मानेचा, सुईसारख्या शेपटीचा. तो शोधायला जाता आणि दिसतात सगळ्या मातकट माद्या. त्या सगळ्या माद्या नसतात. विणीनंतर नर आपला झगझगीत वेष उतरवतात, त्या काळात पंखांची मोठी पिसंही एकदम झडतात आणि काही आठवडे उडता येत नाही. अशा वेळी मादीसारखं मातीत मिसळून जाणं बरं. इकडे पोचतात तेव्हा बरेच नर त्याच मळक्या कपड्यांत असतात. तलवार बदक डिसेंबरपर्यंत सजतं. पांढऱ्या भुवईचं भुवई बदक तर फेब्रुवारी उजाडेपर्यंत आळशीपणा करतं. तेव्हा नोव्हेंबरात रंगावर जाऊ नका, घडणीवर जा. थापट्याची चोच कोणत्याही वेषात उलथन्यासारखीच असते. थापटे कधी कधी घोळक्यानं गोल गोल फिरतात, पाणी ढवळून वर आलेलं बारीक खाद्य चोचीच्या कंगव्यातून गाळून घेतात. तलवार बदकाची मान लांब, अंग सडपातळ. चक्रांग सगळ्यांत बुटकं. बुड वर करून डोकं पाण्यात घालणारी एक जात. सबंध बुडी मारणारी, लालसरीसारखी, दुसरी. एवढे दोन ढीग आधी करा. पहिल्यांना उथळ पाणी लागतं, दुसऱ्यांना खोल चालतं, म्हणून भरलेल्या धरणावर लालसऱ्या आणि वारकरी तेवढे जवळ मिळतात. हो, काळाभोर आणि कपाळाला पांढरा टिळा, म्हणून त्याचं नाव वारकरी. पैठणला तो शोभतो.

हळदी-कुंकू बदक इथलंच, वर्षभर राहणारं. पिवळ्या टोकाची चोच आणि तिच्या मुळाशी लाल ठिपके. एकदा जवळून पाहिलं की नाव कुणी विसरत नाही.

चिखलातल्या पक्ष्यांना उशीर झाला असं समजू नका. पहिल्या तुताऱ्या पोळ्याच्या सुमारासच पाझर तलावांच्या कडेला येऊन थडकतात. आधी मोठे येतात, पिल्लं मागून आपली आपण, वाट दाखवणारं कुणी नसताना. नोव्हेंबरात दोघंही स्थिरावलेले असतात. यांना ओळखताना आधी चाल बघा, रंग नंतर. छोटा टिलवा शिवणयंत्राच्या सुईसारखा टकटक टोचत पळतो, पाय काळे. टेमिंकचा टिलवा त्याच्याच मापाचा, पण वाकून, चोरासारखा, गवताच्या कडेनं सरकतो, पाय पिवळट. चिखल्या पळतो, थबकतो, पुन्हा पळतो, कारण तो डोळ्यांनी शिकार शोधतो. लांब चोचीचा पाणटिवळा थांबून चोच मुळापर्यंत खुपसतो, त्याला चोचीच्या टोकाला आतलं कळतं. सामान्य तुतारीचं बूड सारखं वरखाली होतं. ठिपकेवाली तुतारी आणि हिरवी तुतारी बसलेल्या असताना गोंधळ होणारच. उडाल्या की पंखाखाली बघा, पहिलीच्या फिकट, दुसरीच्या काळपट. आणि तीन सुरांत "ट्यू-ट्यू-ट्यू" असं कुणी ओरडत गेलं तर मान वळवायच्या आत सांगता येतं, हिरवा टिलवा. कान तयार करायला खर्च नाही.

सगळा थवा एकाएकी उठला तर थव्याकडे बघू नका, वर बघा. नोव्हेंबरात दलदल हारिण पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून काठाकाठानं तरंगत येते आणि बदकं घाबरून उठतात. कधी मासे मारणारा कैकर असतो. त्याला बदकांशी देणंघेणं नसतं, पण बदकांना एवढा धीर कुठला.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न कदंबांचा असणार, सगळ्यांचा असतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस मंगोलिया, तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येतात. उपग्रहाला जोडलेली यंत्रं पाठीवर बांधून पाहिलं तेव्हा सात हजार मीटरच्या वरची उड्डाणं नोंदली गेली. ते आपल्याकडे उशिरा जमतात. नोव्हेंबरअखेर पाच-दहा दिसले तर नशीब, खरे थवे डिसेंबर-जानेवारीत. त्यांना काठाशी कोवळं हिरवं लागतं, म्हणजे गाळपेरीतला हरभरा आणि गहू. शेतकरी त्यांच्यावर खूश नसतो आणि त्याचं चूक नाही. तुम्ही त्याच्या वाफ्यातून बूट घालून गेलात तर तुमच्यावरही नसेल. आधी राम राम घाला, विचारा, बांधावरून जा. एखाद्या कदंबाच्या गळ्यात रंगीत पट्टा आणि त्यावर अक्षर-आकडा दिसला तर रंगासकट टिपून घ्या. मंगोलियात असे पट्टे घालतात आणि पट्टेवाले कदंब भारतात अनेकदा दिसले आहेत. रोहितांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, मात्र नोव्हेंबरात येऊ नका. त्यांना गुडघाभर पाण्याचा पसारा लागतो. धरण आटलेल्या वर्षी तो मिळतो, भरलेल्या वर्षी कुठून मिळणार? आपल्या दुष्काळात त्यांची चैन असते. याचं मला कधीही धड सुख झालेलं नाही.

चिखलाबद्दल एक इशारा. काळ्या मातीचा गाळ वरून पापडी धरतो आणि आत लोणी असतो. एकदा मी गुडघ्यापर्यंत रुतले. धडपडले तसा पाय आणखी खाली गेला. शेवटी एका मासेवाल्यानं तराफ्याची फळी टाकली, तिच्यावर आडवी झाले आणि निघाले. एक बूट अजून तिथेच आहे. तडे गेलेल्या मातीवर चालावं, चकाकणाऱ्या मातीवर नाही. पाण्यात उतरून पक्ष्याजवळ जायचा विचार तर करूच नका. एका जागी अर्धा तास दगडासारखं बसलात तर तेच जवळ येतात. शिवाय हे अभयारण्य आहे, १९८६ पासून, ३४१ चौरस किलोमीटरचं. ड्रोन उडवणं, थवे उठवून फोटो काढणं इथे चालत नाही. बाईमाणसांना माझा सल्ला वेगळा: पहाटे एकटीनं अनोळखी काठावर जाऊ नका, आधी गावात कुणाच्या तरी दारात चहा घ्या. गावाला माहीत असलं की काठ आपला होतो.

आणि यंदासारखं धरण तुडुंब असेल तर इतका लांब प्रवासच कशाला? तुमच्या जालन्याला घाणेवाडीचा तलाव आहे. संभाजीनगरजवळ सुखना आहे. त्याहून चांगले म्हणजे बिनानावाचे पाझर तलाव. पाणी मुरावं म्हणूनच ते बांधलेले असतात, म्हणून मोठ्या धरणाच्या आधी उतरतात आणि त्यांचा चिखल आधी उघडा पडतो. मोठं धरण भरलेलं असताना टिलवे, तुताऱ्या, शेकाटे असे विखुरलेले असतात. मी अशा वर्षी नोव्हेंबरचे तीन रविवार पाझर तलावांना देते आणि आवर्तन सुटल्यावर नाथसागर गाठते. एखाद्या लहान तलावावर चाळीसच पक्षी असतील, पण ते चाळीस पन्नास मीटरवर असतात. शिकायला चाळीस पुरतात.

मुलीला न्या. दुर्बीण तिच्या हातात देण्याआधी तिला मोजायला लावा. नऊ वर्षांच्या डोळ्यांना लांबचं आपल्याहून चांगलं दिसतं. थव्यातले दहा पक्षी नीट मोजायचे, ते दहा केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत धरायचं आणि तेवढे तुकडे पुढच्या थव्यावर ठेवत जायचं. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेतही मोठे थवे असेच मोजतात. सुरुवात वारकऱ्यांपासून करा, ते उडून जायची घाई करत नाहीत. वहीत तारीख, वेळ, धरणाचा टक्का आणि तिचा आकडा. तुमचा आकडा तिला न दाखवता वेगळा लिहा आणि घरी आल्यावर ताडून बघा. कानटोपी न्या, वाऱ्याला दया नसते. आणि गाडीत जास्तीचे मोजे ठेवा, तिचे दोन जोड.